तळटीप : ‘माझ्यातला एकलव्य’

१२. माझ्यातला एकलव्य : महाभारताच्या आदिपर्वात निषादराज हिरण्यधनूचा मुलगा एकलव्य द्रोणाचार्यांची मातीची मूर्ती करून धनुर्विद्या शिकतो आणि गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा देतो. तिथे तो तक्रारीचा शब्दही काढत नाही. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) नागसेनवनात शिकलेल्या आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने लिहिती केलेल्या पिढीच्या मनात मात्र हाच एकलव्य जाब विचारत उभा राहिला. कार्ल युंगच्या मते असे आदिबंध साऱ्या मानवजातीच्या सामूहिक नेणिवेत असतात. इथे तेवढ्याने भागत नाही. प्रवेशअर्जावर बापाचा शाईने माखलेला अंगठा आणि त्याशेजारी मुलाची वळणदार सही, हे ज्या घरांनी पाहिले त्यांना एकलव्य कुणी समजावून सांगावा लागला नाही.

डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले; पुढे त्याला ‘मिलिंद’ हे नाव दिले. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा, आणि उत्तर पटल्यावर तसे मोकळेपणी मान्य करणारा यवन राजा. मुकाट्याने अंगठा देणाऱ्या शिष्याच्या जागी प्रश्न विचारणारा शिष्य मुलांच्या मनात रुजावा, ही त्या नावामागची दूरदृष्टी होती असे मी मानतो. प्रस्तुत आत्मकथनात हे दोघेही आहेत : गावच्या आठवणींत एकलव्य बोलतो, वर्गातल्या प्रसंगांत मिलिंद. – संपादक