फॅनी मे आणि फ्रेडी मॅक : न लिहिलेल्या हमीची सत्तर वर्षे

१/
अमेरिकेत घर घेणारा माणूस तीस वर्षांचे कर्ज एकाच ठरलेल्या व्याजदराने घेऊ शकतो. बाजारातले दर वाढले तरी त्याचा हप्ता वाढत नाही. दर उतरले, तर जुने कर्ज फेडून स्वस्त कर्ज घेण्याची मुभा त्याला असते. भारतात बहुतेक गृहकर्जे तरत्या दराची आहेत. रेपो दर चढला की कर्जदाराचा हप्ता वाढतो, नाहीतर मुदत लांबते. मग अमेरिकी कर्जदाराच्या डोक्यावर नसलेला भार कोणाच्या डोक्यावर असतो?

२/
ही सोय अमेरिकेत पूर्वापार नव्हती. १९३० पूर्वीचे गृहकर्ज पाच ते दहा वर्षांचे असे. घराच्या किमतीचा निम्म्याच्या आसपास हिस्सा आधी रोख मोजावा लागे. मुदतीत बहुधा व्याजच भरले जाई आणि अखेरीस मुद्दल एकरकमी द्यावे लागे. ते हातात कोणाच्याच नसे. जुने कर्ज नव्या कर्जाने फेडायचे, असा शिरस्ता होता. महामंदीत हजारो बँका बुडाल्या आणि नवे कर्ज देणारे दार बंद झाले. १९३३ साली दिवसाकाठी सुमारे एक हजार घरांवर जप्ती येत होती.

३/
त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आयोवा राज्यातील ले मार्स या गावी संतप्त शेतकऱ्यांनी न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांना भर न्यायालयातून ओढून बाहेर नेले. जप्तीचे आदेश काढणार नाही असे वचन त्यांनी द्यावे, ही मागणी होती. त्यांनी नकार दिला. त्यांच्या गळ्यात दोर अडकवण्यापर्यंत मजल गेली, पण अखेर त्यांना सोडण्यात आले. प्रश्न शेतजमिनीच्या गहाणाचा होता. तरीही गहाण आणि जप्ती हा विषय किती स्फोटक झाला होता, हे यावरून कळते.

४/
रूझवेल्ट सरकारने तीन पावले टाकली. १९३३ च्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने सुमारे दहा लाख अडलेली गृहकर्जे बदलून दीर्घ मुदतीची करून दिली. १९३४ च्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने कर्ज बुडाल्यास भरपाईचा विमा दिला. तिसरी संस्था फेब्रुवारी १९३८ मध्ये आली : फेडरल नॅशनल मॉर्टगेज असोसिएशन. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘फॅनी मे’ हे घरगुती वाटणारे नाव रूढ झाले.

ती कोणाला थेट कर्ज देत नसे. बँकेने दिलेले विमाधारक कर्ज ती विकत घेई, म्हणजे बँकेचा पैसा मोकळा होऊन पुढच्या ग्राहकाकडे जाई. १९४० मध्ये स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ४३.६ टक्के होते. १९६० मध्ये ते ६१.९ टक्के झाले. युद्धातून परतलेल्या सैनिकांची कर्जे आणि वाढलेले पगार यांचाही त्यात मोठा वाटा आहे.

५/
मात्र ही दारे सर्वांसाठी उघडली नव्हती. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनच्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या. खुद्द त्या नकाशांनी किती नुकसान केले, यावर इतिहासकारांत वाद आहे. फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या नियमपुस्तिकेबद्दल तसा संशय उरत नाही. वस्तीत वंशाच्या आधारे खरेदीबंदी घालणारे करार असावेत, अशी शिफारस त्यात उघडपणे होती. ज्या घराला विमा नाही, त्याचे कर्ज फॅनी मे घेणार नाही. त्यामुळे एका पिढीची घराच्या रूपातली बचत रंग पाहून वाटली गेली. पुढे १९९० च्या दशकात ‘परवडणाऱ्या घरां’साठी जो आग्रह धरला गेला, त्याची मुळे इथे आहेत.

६/
या कथेतले सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९६८ आहे, २००८ नव्हे. लिंडन जॉन्सन अध्यक्ष होते. व्हिएतनाम युद्धाचा खर्च आणि देशांतर्गत समाजकल्याण योजना दोन्ही एकाच वेळी चालवायच्या होत्या आणि तूट वाढत होती. त्यातच १९६७ मध्ये एका आयोगाने सरकारचे सर्व व्यवहार एकाच अंदाजपत्रकात दाखवावेत अशी शिफारस केली. तशी मांडणी झाली असती, तर फॅनी मेने विकत घेतलेले प्रत्येक कर्ज सरकारी खर्च म्हणून मोजले गेले असते.

उपाय असा काढला गेला की फॅनी मेचे दोन तुकडे करायचे. सरकारी विम्याच्या कर्जांना उघड हमी देणारा भाग ‘जिनी मे’ या नावाने सरकारातच राहिला. उरलेली मोठी कंपनी खासगी भागधारकांच्या हाती गेली आणि तिच्यासोबत तिचे कर्जही अंदाजपत्रकाच्या वहीतून नाहीसे झाले.

खासगीकरण म्हटले की तत्त्वनिष्ठ वादविवाद डोळ्यांसमोर येतो. इथे हिशेबाच्या वहीतली सोय हेच मोठे कारण होते.

७/
नाव खासगी झाले, तरी नाळ तुटली नव्हती. कंपनीची सनद काँग्रेसची होती. अठरापैकी पाच संचालक राष्ट्राध्यक्ष नेमत. राज्यांचा आयकर माफ होता. अडचणीत सव्वादोन अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देण्याची मुभा सरकारी तिजोरीला होती. १९७० मध्ये काँग्रेसने ‘फ्रेडी मॅक’ हे धाकटे भावंड जन्माला घातले, त्यालाही पुढे अशाच सवलती मिळाल्या.

या कंपन्यांच्या रोख्यांमागे सरकारची हमी नाही, असे त्या रोख्यांवरच छापलेले असे. बाजाराने तो मजकूर कधीच खरा मानला नाही. ज्यांना काँग्रेसने जन्म दिला त्यांना काँग्रेस बुडू देणार नाही, या भरवशावर गुंतवणूकदार त्यांना जवळजवळ सरकारच्याच दराने पैसे देत राहिले.

८/
फ्रेडी मॅकने १९७१ पासून हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचे रोखे विकायला सुरुवात केली. जोखीम दोन ठिकाणी विभागली गेली. व्याजदर बदलण्याची जोखीम रोखे घेणाऱ्यांकडे गेली आणि कर्जदार बुडाल्यास पैसे देण्याची हमी कंपनीकडे राहिली. पहिल्या परिच्छेदातल्या प्रश्नाचे कोरडे उत्तर हेच. प्रश्न एवढाच उरतो की हमी देणारी कंपनीच बुडाली तर काय?

९/
त्याची चुणूक लवकरच दिसली. फॅनी मे तेव्हा कर्जे मुख्यतः स्वतःजवळ ठेवी आणि त्यासाठी अल्प मुदतीची उधारी करी. १९७९ नंतर व्याजदर भडकले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी दिवसाला सुमारे दहा लाख डॉलर गमावत होती. करसवलत, नियामकांची डोळेझाक आणि पुढे उतरलेले दर यांनी तिला तारले. धोका टळला, पण धडा घेतला गेला नाही.

१०/
१९९६ मध्ये काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने एक हिशेब मांडला. या न लिहिलेल्या हमीची किंमत १९९५ या एका वर्षात सुमारे साडेसहा अब्ज डॉलर होती. त्यातले सुमारे ४.४ अब्ज कमी व्याजाच्या रूपाने कर्जदारांपर्यंत पोहोचले. उरलेले २.१ अब्ज भागधारक आणि व्यवस्थापनाकडे झिरपले. गरिबाच्या घरासाठी सोडलेल्या पाण्यातले तिसरे भांडे वाटेतच रिकामे होत होते.

दोन्ही कंपन्यांनी १९९९ ते २००८ या काळात राजकीय पाठपुराव्यावर १६ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक खर्च केला. १९९२ च्या कायद्याने नेमलेला नियामक दुबळाच राहिला. २००३ मध्ये फ्रेडी मॅकचे आणि २००४ मध्ये फॅनी मेचे हिशेब चुकीचे असल्याचे उघड झाले. फॅनी मेला ४० कोटी डॉलर दंड झाला. कडक नियमनाची विधेयके तरीही रखडली.

११/
मग २००८. दोन्ही कंपन्यांच्या डोक्यावर मिळून पाच लाख कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या कर्जांचा भार होता आणि त्यामागे भांडवल इतके तुटपुंजे होते की भार भांडवलाच्या सुमारे ७५ पट भरत होता. जुलैमध्ये अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी काँग्रेसकडे अमर्याद अधिकार मागितले. खिशात बझुका आहे हे लोकांना कळले की तो बाहेर काढावा लागत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सप्टेंबरमध्येच काढावा लागला. ७ सप्टेंबर २००८ रोजी दोन्ही कंपन्या सरकारी ताब्यात गेल्याचे जाहीर झाले. कायद्याच्या भाषेत ही ‘कॉन्झर्व्हेटरशिप’. रोखेधारकांचा एक डॉलरही बुडाला नाही.

१२/
दोषी कोण, यावर आजही भांडण आहे. पीटर वॉलिसन यांच्यासारख्यांच्या मते, परवडणाऱ्या घरांची सरकारी उद्दिष्टेच या कंपन्यांना कच्च्या कर्जांकडे घेऊन गेली. चौकशी आयोगाच्या २०११ च्या बहुमताच्या अहवालाने ते मानले नाही. कंपन्यांचा हातभार होता, पण त्या मूळ कारण नव्हत्या, असा त्याचा निष्कर्ष. पुरावा या निष्कर्षाकडे झुकतो. २००४ ते २००६ या सर्वांत बेफाम काळात कच्ची कर्जे वॉल स्ट्रीट बांधत होती आणि या कंपन्यांचा बाजारातला हिस्सा घटत होता. गमावलेला हिस्सा परत मिळवण्याच्या घाईत त्याही उशिरा त्या चिखलात उतरल्या. त्या घाईमागे गरिबांच्या कळवळ्यापेक्षा भागधारकांच्या नफ्याचा वाटा अधिक होता.

१३/
सरकारने २०१२ पर्यंत सुमारे १८७ अब्ज डॉलर ओतले. बदल्यात दहा टक्के लाभांश आणि ७९.९ टक्के सामान्य समभाग घेण्याचा हक्क मिळवला. ऑगस्ट २०१२ मध्ये करार बदलून कंपन्यांचा जवळजवळ सगळा नफा तिजोरीत वळवायचे ठरले. पुढच्याच वर्षी घरबाजार सावरला आणि फॅनी मेने एका तिमाहीपोटी सुमारे ५९ अब्ज डॉलर भरले. २०१९ पर्यंत दोघींनी मिळून सुमारे ३०० अब्ज दिले, तरी मुद्दलातला एक डॉलरही फिटला नाही. करारानुसार ती परतफेड नव्हती, लाभांश होता. सावकारी पाशाच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी वाचकाला हे गणित परके वाटणार नाही.

भागधारक न्यायालयात गेले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियामकाने अधिकार ओलांडला नसल्याचे सांगितले. २०२३ मध्ये दुसऱ्या खटल्यात ज्युरीने भागधारकांना ६१ कोटी २० लाख डॉलर देवविले.

१४/
सुधारणेचे काय? २०१३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने दोन्ही कंपन्या गुंडाळून हमी जवळजवळ संपवणारे विधेयक पुढे केले. २०१४ मध्ये जॉन्सन-क्रेपो विधेयकाने मध्यम मार्ग काढला : पहिल्या दहा टक्के तोट्याचा मारा खासगी भांडवलाने सोसावा, त्यापुढची हमी सरकारने उघडपणे द्यावी आणि तिची किंमत वसूल करावी. ते सिनेट समितीत १३ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाले आणि तिथेच थांबले. हमी काढली तर तीस वर्षांचे स्थिर कर्ज महागेल, ही भीती दोन्ही पक्षांना आहे. हमी लिहून दिली तर करदात्याचा बोजा कागदावर दिसेल, हीही आहे. छोट्या बँकांना मोठ्या बँकांची मक्तेदारी नको, पुरोगाम्यांना गरिबांसाठीची बंधने सैल व्हायला नकोत. धरले तर चावते, सोडले तर पळते.

१५/
तात्पुरता म्हणून घेतलेला ताबा २०२५ मध्येही कायम होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात डोनाल्ड ट्रम्प यांनी दोन्ही कंपन्या पुन्हा शेअर बाजारात आणण्याचा मनोदय समाजमाध्यमावर जाहीर केला. त्याच संदेशात त्यांनी गुंतवणूकदारांना असेही आश्वासन दिले की सरकारची ‘न लिहिलेली’ हमी कायम राहील.