बांधापलीकडचे शेत : ‘शेतकऱ्याचा असूड’मधील पाचवे प्रकरण

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) आपण बहुधा पुरोहितशाही आणि नोकरशाही यांच्यावरील आरोपपत्र म्हणून वाचतो आणि शिकवतो. अविद्येच्या अनर्थांची प्रस्तावनेतील ती मालिका विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. पाचवे प्रकरण मात्र ‘उपाययोजना’ या एका शब्दात आटोपले जाते. आम्हांस त्या प्रकरणात एक वेगळीच गोष्ट दिसते. ती म्हणजे लहान शेत दीर्घकाळ टिकावे कसे, याची सुसंगत आखणी.

फुल्यांची सुरुवात डोंगरापासून होते. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेल्या जनावरांचे कुजलेले अवशेष, हे सारे सत्त्व वळवाच्या पावसाबरोबर ओढ्यात वाहून जाते. ते अडावे आणि पाणी शेतात मुरून मगच नदीनाल्यास मिळावे, यासाठी ते जागोजागी ताली-बंधारे सुचवतात. तळ्यांतला गाळ शेतकऱ्याला फुकट नेऊ द्यावा, जंगलखात्याने घेतलेली गायराने गावांना परत द्यावीत, मेंढ्यांची चांगली पैदास करून लेंडीखत वाढवावे, पाणाड्यांकडून झरे शोधून घ्यावेत आणि धरणाचे पाणी प्रत्येक शेताला गरजेपुरतेच, तोटीने द्यावे, अशा सूचना एकामागून एक येतात. वरवर त्या सुट्या वाटतात. पण पाणी, माती, जनावर आणि रान यांचे एकच चक्र त्यांना जोडते.

हे चक्र तुटले कसे, ते ग्रंथात आधीच आले आहे. अल्पभूधारक कुणबी लगतच्या रानातील फळे-पाने आणि गायरानातील चराई यांवर तगून होता; जंगलखात्याने तो आधार काढून घेतला. म्हणजे फुल्यांच्या लेखी शेताची हद्द बांधापाशी संपत नाही. बांधाच्या आतले शेत हे त्या शेताचा केवळ नांगरलेला भाग होय.

पुढे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये इंदूर येथील कंपोस्टची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. काडीकचरा, शेण आणि मूत्रमाती यांचे थर रचून खत करण्याची ती रीत सेंद्रिय शेतीच्या इतिहासात मान्यता पावली. तिचे मोल कमी नाही. परंतु तिच्यात चक्र मुख्यतः शेताच्या आवारात पूर्ण होते. कुरण आणि ओढा कोणाचा, हा फुल्यांचा प्रश्न तेथे मागे पडतो.

फुल्यांच्या आखणीतही एक उणीव आहे. बंधारे बांधावेत कोणी, तर लष्कर व पोलीस यांतील रिकाम्या शिपायांनी, असे त्यांचे उत्तर. ज्या सरकारवर असूड उगारला, त्याच्याच हाती कुदळ देण्याची ही वेळ का यावी? गावातील असमान माणसे एकत्र येऊन पाणी न्यायाने वाटतील, असा भरवसा त्यांना नसावा, असे आम्हांस वाटते. आणि तो नसण्यास त्यांच्या अनुभवात पुरेशी कारणे होती.

या प्रश्नाचे एक उत्तर पुरंदर तालुक्यात मिळाले. फुले घराण्याचे खानवडी याच तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर जमीन खंडाने घेऊन समतल बांध, पाझर तलाव आणि विहीर यांची साखळी उभी केली. त्यातून आलेल्या पाणी पंचायतीचा नियम असा : पाण्याचा वाटा जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस नाही. आखणीत बंधाऱ्याइतकेच वाटपालाही स्थान मिळाले.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढ्या तुकड्यावर मिश्रपिके, आच्छादन, गांडूळखत यांचे कितीही उत्तम नकाशे काढले, तरी वरचा डोंगर उघडा आणि शेजारची बोअर खोल असेल तर ते शेत टिकणार नाही. म्हणून पाचवे प्रकरण शिकवताना ग्रंथाशेजारी एखाद्या गावाच्या पाणलोटाचा नकाशाही उघडून ठेवावा, असे आम्ही सुचवू.