जुलाबाची पुडी घेतली, पण कालवायची कशी? सिस्टरला विचारूनच घरी निघा

पावसाळा लागला की विहिरी-बोअरचं पाणी गढूळ होतं आणि उपकेंद्रात जुलाब-उलटीची लेकरं येऊ लागतात. शेतात कामं खोळंबलेली असतात, म्हणून आई-बाप ओआरएसची पुडी घेऊन घाईघाईत निघतात. पण ती कशी कालवायची हेच कळलं नसेल, तर औषध घरात असूनही लेकरू सुकत जातं.

सिस्टरचं काम नेमकं काय?

उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकेला, म्हणजे एएनएमला, आपण सिस्टर म्हणतो. नियमाप्रमाणे ५ हजार लोकसंख्येमागे, तर आदिवासी व डोंगराळ भागात ३ हजारांमागे एक उपकेंद्र असतं. सिस्टर म्हणजे सुई टोचणारी बाई, असा आपला समज. नर्सिंगमध्ये मात्र तीन कामं मुख्य मानली जातात.

१. आजार होऊच नये म्हणून

पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यावं. संडासहून आल्यावर व जेवण भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत. पिण्याचं पाणी उकळून घ्यावं. रोटाव्हायरसची लस दीड, अडीच व साडेतीन महिन्यांची असताना तोंडावाटे मोफत मिळते, ती चुकवू नये.

२. आजारी लेकराची सेवा

सिस्टर आधी विचारतात: जुलाब किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, शौचात रक्त आहे का? मग डोळे खोल गेलेत का ते बघतात, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. कातडी हळूहळू जागेवर गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजायचं. अशा वेळी केंद्रातच ४ तास ओआरएस पाजून पुन्हा तपासतात. म्हणून "उशीर होतोय" म्हणून मधेच उठून जाऊ नका.

३. घरच्यांना शिकवणं

हे काम सगळ्यात जास्त दुर्लक्षित. सिस्टरकडून एवढं समजून घ्या:

- मोठी पुडी १ लिटर पाण्यात पूर्ण टाकायची. लहान पुडी २०० मिलीचीही मिळते, म्हणून पुडीवरचं माप वाचा. घट्ट कालवलं तर धोका, पातळ केलं तर उपयोग नाही.
- पाणी उकळून गार केलेलं हवं. वरून साखर-मीठ घालू नये.
- कालवलेलं पाणी २४ तासांत संपवावं, उरलेलं फेकून द्यावं.
- दर जुलाबानंतर २ वर्षांखालच्या लेकराला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप पाजावं. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा सुरू करावं.
- झिंकची गोळी १४ दिवस द्यायची, जुलाब थांबले तरी. ६ महिन्यांपुढे रोज एक, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी.
- अंगावरचं दूध व खाणं बंद करू नये.
- दुकानातलं गोड फळपेय म्हणजे ओआरएस नव्हे. जादा साखरेने जुलाब वाढतात.

निघण्याआधी सिस्टरने "घरी कसं करणार, सांगा बरं" असं विचारलं तर लाजू नका. ही तुमची परीक्षा नाही, सांगितलेलं नीट पोचलं का ते त्या बघतात. त्यांनी नाही विचारलं तर आपणच म्हणावं, "सिस्टर, मी सांगते, चुकलं तर दुरुस्त करा." घरातलं पाण्याचं भांडं सोबत नेलं तर माप दाखवून घेता येतं.

शिकवण्याने जीव वाचतात याचा दाखला आपल्या देशातच आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाईन कमी पडलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तयार करून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

घरी थांबायचं नाही, अशी लक्षणं

लेकरू मलूल पडलं, पाणी पीत नाही, सगळंच उलटून टाकतंय, शौचात रक्त आहे किंवा ताप आहे, तर लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेतही चमच्या-चमच्याने ओआरएस पाजत राहा. मात्र लेकरू शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालू नका.