नंबर लागेपर्यंत पैसा कोणाचा?

स्कूटर नोंदवायची तर आधी पोस्टात जावं लागायचं, हे आजच्या मुलांना खरं वाटत नाही. १९६० साली स्कूटरच्या वितरण आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश निघाला आणि गाडी कोणाला, कोणत्या क्रमाने मिळणार हे नियमांवर ठरू लागलं. माझ्या शिक्षक वडिलांनी पोस्टाच्या बचत खात्यात २५० रुपये भरले, पासबुक विक्रेत्याच्या नावे तारण ठेवलं आणि नंबराची वाट पाहिली. पुढे ग्राहक मार्गदर्शन केंद्रात मी लोकांचे तक्रार अर्ज लिहून देऊ लागले, तेव्हा त्या व्यवस्थेचं मोल माझ्या लक्षात आलं. पैसे अडकले होते, पण विक्रेत्याच्या गल्ल्यात गेले नव्हते. त्यांच्यावरचं व्याज वडिलांच्याच खात्यावर चढत होतं.

वाट मात्र फार लांबची होती. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. इटलीच्या पियाजिओशी करार होता तोवर आकुर्डीच्या कारखान्यातून व्हेस्पा बाहेर पडत होती. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि साताऱ्यात प्रिया तयार होऊ लागली. तरीही मागणीला पुरवठा पुरेना, कारण वर्षाला किती गाड्या काढायच्या हे कारखानदाराच्या हाती नव्हतं, परवान्यात लिहिलेलं होतं. चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं पुण्यात गल्लोगल्ली होती. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे. नंबर लागलेली स्कूटर वर पैसे घेऊन लगेच दुसऱ्याला देणारेही होते. ज्याच्याकडे ना परदेशातला भाऊ, ना वरचे पैसे, तो रांगेतच राही.

एप्रिल १९८३ मध्ये मारुतीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा अनामत होती १०,००० रुपये. गाडीची किंमत पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा आधीच भरायचा. सव्वा लाखाहून अधिक लोकांनी तो भरला. पहिली किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली, तोवर सव्वाशे कोटींहून जास्त रक्कम गोळा झालेली होती. पोस्टातल्या तारणापासून हा व्यवहार फार दूर आला होता. आता गिऱ्हाइकाचा पैसा थेट गाडी बनवणाऱ्याच्या हाती होता.

अशा वेळी गाडी लांबली तर कायदा काय सांगत होता? १८७२ च्या करार कायद्याचं ४६ वं कलम म्हणतं की मुदत ठरलेली नसेल, तर वाजवी वेळात काम पुरं केलं पाहिजे. ५५ व्या कलमानुसार, ठरलेली वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर समोरच्याला करार मोडता येतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचं ६१ वं कलम तर माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. विक्रेत्याने करार मोडला आणि गिऱ्हाइकाने भरलेली किंमत परत मिळण्यासाठी दावा लावला, तर पैसे भरले त्या दिवसापासूनचं व्याज न्यायालय देऊ शकतं. अन्याय ओळखणारा कायदा होता, पण पाचशे रुपयांसाठी दिवाणी कोर्टाची पायरी कोण चढणार? वकील, मुद्रांक आणि तारखा यांतच मूळ रक्कम संपून जायची.

ती पायरी सोपी करण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. एक लाखापर्यंतचा दावा जिल्हा मंचापुढे, सुरुवातीला कोर्ट फी नाही, वकिलाची सक्ती नाही. साध्या कागदावर मराठीत तक्रार लिहून, सोबत पावती जोडून माणूस उभा राहू शकत होता.

पुढे परवाने गेले, रांगा आटल्या, पण अनामतीचं भांडण संपलं नाही. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने गाड्या पुन्हा महिनोन्‌महिने लांबल्या. केंद्रात येणाऱ्यांना काउंटरवरची उत्तरं पाठ असतात: “कंपनीकडूनच गाडी आलेली नाही”, “बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत, पावतीमागे छापलंय.” मी प्रत्येकाला सांगते, दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी हवी असेल तर तो दिवस तारखेसकट पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्द सुनावणीत टिकत नाही. तारीख उलटली की लेखी कळवा, पैसे परत करायला मुदत द्या आणि ती संपली की तक्रार करा. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते.

बहुतेक जण मुद्दल हातात पडली की सुटलो म्हणतात. मला ते पटत नाही. उशीर विक्रेत्याचा असेल, तर त्या काळात पैसा वापरल्याची किंमत त्यानेच दिली पाहिजे. माझ्या वडिलांना पोस्टाने प्रत्येक वर्षाचं व्याज दिलं, न मागता. आज ते मागावं लागतं, म्हणून अर्जात व्याजाची ओळ मी कधी गाळत नाही.