डेमोनिक रिझरेक्शन

डेमोनिक रिझरेक्शन हा मुंबईतील डेथ मेटल बँड आहे. गायक व गिटारवादक साहिल मखिजा यांनी इ.स. २००० मध्ये त्याची स्थापना केली. सदस्य वारंवार बदलले. आरंभापासून कायम राहिलेले मखिजा हे एकमेव सदस्य होत.

पार्श्वभूमी

धोबी तलाव येथील रंगभवन हे खुले नाट्यगृह १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवामुळे मुंबईतील रॉक संगीताचे केंद्र बनले. परिसर शांतता क्षेत्र ठरल्याने तेथील मैफली थांबल्या. पुढे लोअर परळच्या मथुरादास मिल आवारातील ‘ब्लू फ्रॉग’सारखी (२००७–२०१६) ठिकाणे उदयास आली.

संगीतशैलीतील बदल

गुरगुरते गायन व अतिवेगवान ड्रमवादन ही डेथ मेटलची मुख्य लक्षणे आहेत. ती जपावीत की बदलावीत, याविषयी श्रोत्यांत मतभेद असतात. अमेरिकेतील ‘कॅनिबल कॉर्प्स’ने मूळ शैली बहुतांशी जपली, तर ‘डेथ’ने ती अधिक तांत्रिक केली.

डेमोनिक रिझरेक्शनच्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) व ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) या अल्बममध्ये कीबोर्डला महत्त्वाचे स्थान होते. विष्णूच्या दहा अवतारांवरील ‘दशावतार’ (२०१७) मध्ये सतार, बासरी यांसारखी भारतीय वाद्ये आली. गुरगुरते गायन व ड्रमचा वेग मात्र कायम राहिला. त्यामुळे बदल विषय व वाद्ययोजनेत झाला, शैलीच्या पायात नव्हे.

सन्मान

२०१० मध्ये बँडला ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला. २०१४ मध्ये जर्मनीतील वाकेन महोत्सवात त्याचे सादरीकरण झाले. दोन्ही घटना ‘दशावतार’पूर्वीच्या आहेत, म्हणजेच विषय व वाद्ययोजनेतील हा बदल आंतरराष्ट्रीय मान्यतेनंतरचा आहे.