मशिदीपासून जमाबंदीपर्यंत : एका अरबी धातूचा इतिहास

अरबीतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूंपासून बनतात. व्यंजनांचा क्रम कायम ठेवून स्वर बदलले किंवा ठरावीक वर्ण जोडले, की एकाच धातूतून क्रिया, कर्ता, कर्म आणि स्थान यांचे वाचक शब्द सिद्ध होतात. जीम, मीम आणि ऐन या वर्णांच्या धातूला कोशकार इब्न फारिस (मृत्यू १००४) याने ‘एकत्र जुळून येणे’ हा एकच मूलार्थ दिला आहे, आणि अरबी समाज कोणकोणत्या कारणांनी एकत्र येत गेला, याची नोंदच जणू या धातूच्या साधित रूपांत सापडते.

सामुदायिक नमाजाचा शुक्रवार तो ‘जुमुआ’, आणि त्या नमाजासाठी गावाला एकत्र आणणारी मशीद ती ‘जामी’. या कर्तृवाचक रूपावरूनच ‘जामा मशीद’ हे नाव रूढ झाले. धर्मशास्त्रात ‘इज्मा’ म्हणजे विद्वानांचे एकमत. सुन्नी विधिपरंपरेत कुराण आणि प्रेषितांचा आचार यांच्यानंतर त्याला प्रमाण मानले जाते. वैयाकरणांनी अनेकवचनाला ‘जम्अ’ म्हटले, इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त मानवी समाजजीवनासाठी ‘इज्तिमा’ हा शब्द योजला, तर आधुनिक अरबीत विद्यापीठ ‘जामिआ’ ठरले.

फार्सी राजभाषेच्या द्वारे हा धातू दख्खनच्या सुलतानी दप्तरांत आला, तेव्हा त्याला महसुलाचा अर्थ प्राप्त झाला. ‘जमा’ म्हणजे आलेली रक्कम, ‘जमाबंदी’ म्हणजे महसुलाची आकारणी, आणि ‘मजमू’ म्हणजे एकत्रित केलेले, या कर्मवाचक रूपाला फार्सी ‘दार’ प्रत्यय लागून जमाखर्चाची तपासणी करणारा ‘मुजुमदार’ हा अधिकारी झाला. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराला ‘अमात्य’ ही संस्कृत संज्ञा मिळाली आणि ‘राज्यव्यवहारकोशा’त दरबारी फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, तथापि ‘मुजुमदार’ आडनावाच्या रूपाने टिकला आणि ‘जमा’ तर मराठी हिशेबातून कधी हललाच नाही. पदांची नावे राजाज्ञेने बदलता येतात, परंतु कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि व्यापाऱ्याच्या वहीत रोज लिहिला जाणारा शब्द राजसत्तेवर नव्हे, तर व्यवहारावर जगतो; म्हणूनच अरबी धातूचे हे रूप मराठीत परके राहिले नाही.