छायाचित्रसंग्रह व्यवस्थापक आणि बाह्य संपादक

छायाचित्रांची नोंद, वर्गवारी व शोध यांसाठी एक सॉफ्टवेअर आणि त्यातल्या निवडक छायाचित्रांवर बारीक काम करण्यासाठी दुसरे, अशी दोन सॉफ्टवेअर जोडीने वापरण्याची पद्धत. पहिल्याला संग्रह व्यवस्थापक म्हणतात (उदा. लाइटरूम क्लासिक, डिजीकॅम, शॉटवेल), दुसऱ्याला बाह्य संपादक (उदा. फोटोशॉप, गिंप). प्रस्तुत नोंदीत ही पद्धत वर्धा जिल्ह्यातील सेलू या तालुक्याच्या गावाच्या संदर्भात पाहिली आहे. परभणी जिल्ह्यातील सेलू वेगळे. नागपूर–वर्धा रस्त्यावरच्या अशा गावात फोटोग्राफरचे पोट मुख्यतः लग्नसराईवर चालते. तालुक्यातच बोर धरण आणि त्याला लागून व्याघ्रप्रकल्प असल्याने वाघाच्या मागे फिरणारे हौशी कॅमेरेही आहेत.

संग्रह व्यवस्थापकाजवळ फोटो नसतात, फोटोंची नोंद असते. सातबाऱ्यावर गट क्रमांक असतो, शेत नसते, तसे हे. लाइटरूमचा कॅटलॉग म्हणजे फाइल कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरात आहे, तिला किती तारे दिले, किती कापली, किती उजळली याची एक माहितीफाइल. फोटो उजळला तरी मूळ फाइलीचा एक ठिपकाही बदलत नाही. फक्त सूचना लिहून ठेवली जाते. म्हणून फोल्डरचे नाव विंडोजमधून परस्पर बदलले की लाइटरूममध्ये प्रश्नचिन्ह येते. फोटो हरवलेला नसतो, पत्ता जुना झालेला असतो. बाह्य संपादक याच्या उलट चालतो. तो प्रत्यक्ष ठिपके बदलतो, थरांवर थर चढवतो, मांडवाचा खांब पुसतो, एका फोटोत डोळे मिटलेल्या मामांना दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे देतो. मात्र हा फोटो कुणाच्या लग्नातला, हे त्याला ठाऊक नसते.

या दोघांमधली देवाणघेवाण हाच या पद्धतीचा गाभा आणि घोळ होतो तोही इथेच. लाइटरूममध्ये कंट्रोल-ई दाबले की निवडलेला फोटो फोटोशॉपमध्ये उघडतो. तो रॉ (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) असेल तर मूळ फाइलीला हात न लावता त्याची टिफ प्रत तयार होते. जेपेग असेल तर मूळच द्यायची, साधी प्रत द्यायची की लाइटरूममधल्या बदलांसह प्रत द्यायची, हे विचारले जाते. व्यावसायिकाने मूळ देण्याचा पर्याय विसरून जावा हे बरे. काम झाल्यावर साधे ‘सेव्ह’ केले की नावाच्या शेवटी ‘एडिट’ लागलेली प्रत मूळ फोटोच्या शेजारी येऊन बसते. ‘सेव्ह ॲज’ करून ती डेस्कटॉपवर ठेवली की साखळी तुटते. पीएसडी स्वरूपात ठेवायची असेल तर फोटोशॉपमधला ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय चालू लागतो. नाहीतर ती फाइल लाइटरूमला वाचता येत नाही.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरांत रीत थोडी निराळी. शॉटवेल बाह्य संपादकाला मूळ न देता नावात ‘मॉडिफाइड’ जोडलेली प्रत देतो. गिंपमध्ये २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून ‘सेव्ह’ केले की फक्त गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते; जेपेगवरच बदल उतरवायचे तर ‘ओव्हरराइट’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. ‘काम केले पण अल्बममध्ये जुनाच फोटो दिसतो’ ही तक्रार बहुधा यातूनच येते.

जागेचा हिशेबही आधी करावा. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये, न दाबता टिफ केला तर २.४ कोटी ठिपके, प्रत्येकाचे तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे सुमारे १४४ एमबी होतात. थर चढवले की त्याच्या दुप्पट-तिप्पट. एका लग्नाचे हजारो फोटो असे पाठवले तर हार्डडिस्क भराभर भरते. म्हणून नव्वद टक्के काम व्यवस्थापकातच उरकावे आणि मोजकेच फोटो बाहेर पाठवावेत.

लग्नाच्या कामात व्यवस्थापकाची खरी किंमत निवडीच्या वेळी कळते. दोन-तीन कॅमेरे असतात आणि त्यांची घड्याळे जुळत नाहीत, त्यामुळे हळदीच्या मधेच वरातीचे फोटो घुसतात. एका कॅमेऱ्याची वेळ एकगठ्ठा मागेपुढे करून हे सरळ करता येते. मग घरच्यांकडे निवडीसाठी फोटो जातात ते बहुतेक व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप फोटो लहान करतो, त्यातली कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतो आणि समोरच्या फोनमध्ये नावही बदलतो: आधी तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक आकडा. तिकडून निवडून आलेल्या फोटोला मूळ क्रमांकच उरत नाही, आणि फोटोग्राफरला एकेक चेहरा डोळ्यांनी जुळवत बसावे लागते. प्रत्येक फोटोखाली क्रमांक छापलेले कॉन्टॅक्ट शीट पाठवले की हा ताप वाचतो. त्याच क्रमांकावर व्यवस्थापकात तारा द्यायचा आणि तारा असलेलेच फोटो डिझायनरकडे जायचे.

अल्बमचे पान मात्र बाह्य संपादकाशिवाय होत नाही. १२ बाय ३६ इंचांचे दुहेरी पान ३०० डीपीआयने म्हणजे ३,६०० बाय १०,८०० ठिपके, जवळजवळ ३९ मेगापिक्सेल. त्यावर सात-आठ फोटो, कडांची नक्षी आणि वधूवरांची नावे. इथे देवनागरीचा स्वतंत्र त्रास आहे. फोटोशॉपमध्ये भारतीय भाषांच्या अक्षरजुळणीचा पर्याय निवडलेला नसेल तर युनिकोड मजकुरातली जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘चि’पासूनच बिघाड सुरू होतो आणि मुलीचे नावही बिघडते. म्हणून बरेच डिझायनर अजून श्रीलिपीसारखे जुने, युनिकोडपूर्व फॉन्ट वापरतात. छपाईला ते चालतात, पण तीच अक्षरे व्यवस्थापकात शोधशब्द म्हणून चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसतो. शोधशब्द नेहमी युनिकोडमध्येच टंकावेत. ते फाइलीतल्या माहितीच्या जुन्या आयपीटीसी रकान्यांऐवजी नव्या एक्सएमपी रकान्यांत राहिले तर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नचिन्हे होण्याची शक्यता कमी.

रंगांचा गोंधळही वाटेतच होतो. लाइटरूम फोटोशॉपला फोटो देताना मुळात प्रोफोटो आरजीबी ही विस्तृत रंगकक्षा वापरतो, तर छपाईच्या लॅबला साधारणतः एसआरजीबी जेपेग लागते. रूपांतर न करता फाइल गेली तर शालूचा लाल विटका आणि हळदीचा पिवळा मातकट छापून येतो. दोष लॅबच्या माथी मारला जातो, तो नेहमीच खरा नसतो.

बोरच्या फोटोंत प्रश्न वेगळा. बोर हा २०१४ साली घोषित झालेला, देशातल्या लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. पहाटेच्या कमी उजेडात आयएसओ चढवून काढलेल्या फोटोतले दाणे घालवण्यासाठी पूर्वी बाहेरचे सॉफ्टवेअर लागायचे. एप्रिल २०२३ पासून लाइटरूममध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सोय आली, त्यामुळे निदान या कामासाठी बाहेर जाण्याची गरज घटली. मोठ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धा अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात. फांदी पुसलेली प्रत सुंदर असली तरी शेजारी मूळ नसेल तर ती तिथे कामाची नाही.

मूळ जपण्याचे सर्वांत जवळचे उदाहरण सेवाग्राम आश्रमाचे आहे. गांधीजींचे नातलग कनू गांधी (१९१७–१९८६) यांनी तिथे गांधीजींची छायाचित्रे काढली. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून कॅमेरा आला, आणि गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचे नाही, आश्रम खर्च देणार नाही. त्यामुळे कुटीतल्या अंधारात काढलेल्या या चित्रांत दाणे आहेत, हललेले हात आहेत. अशा निगेटिव्हच्या स्कॅनवर काम करताना पहिले, न सुधारलेले स्कॅन कायम वेगळे ठेवतात. ओरखडे काढलेली प्रत दुसरी, छपाईची तिसरी. तिन्हींचे नाते व्यवस्थापकात नोंदवले नाही, तर काही वर्षांनी सुधारलेले चित्रच मूळ समजले जाते.

सॉफ्टवेअरही कायमचे नसते. ॲपलने ॲपर्चर बंद करत असल्याचे २०१४ मध्ये जाहीर केले, गुगलने पिकासा २०१६ मध्ये बंद केला. पिकासावर वर्षानुवर्षे लग्ने हाताळलेले कॉम्प्युटर अजून सापडतात. त्यात ‘सेव्ह’ न केलेले बदल फोल्डरातल्या एका छोट्या ‘आयएनआय’ फाइलीत असतात आणि ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाहीत. बाह्य संपादकातून जेपेग किंवा टिफ म्हणून जतन केलेल्या प्रती मात्र कुठेही उघडतात. पिकासात ‘सेव्ह’ केलेल्या फोटोंची मूळ रूपे ‘पिकासाओरिजिनल्स’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात असतात. जुनी डिस्क कॉपी करण्याआधी विंडोजमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू करून ती फोल्डरे आहेत का, हे पाहून घ्यावे लागते.